आधी लागला म्हणून ज्येष्ठ?

दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेल्या शिक्षकांची एक मोठी पिढी महाराष्ट्रात आहे. त्यामुळे अनेक खाजगी अनुदानित शाळांतले मुख्याध्यापक ३१ मे रोजी निवृत्त होतात आणि शाळा उघडायच्या आत नव्या नावावरून वाद पेटतो. त्या वादात एक वाक्य हमखास कानी पडतं: "मी तुमच्या चार वर्षं आधी लागलोय, म्हणजे सीनियर मीच." शिक्षक हे म्हणतात, संस्थेचे सचिव म्हणतात, संघटनेचे पदाधिकारीसुद्धा म्हणतात. माध्यमिक शाळेपुरतं हे वाक्य चूक आहे. ते खरं मानून लोक वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात, सहकाऱ्यांशी बोलणं टाकतात आणि शेवटी निकाल विरुद्ध गेला की अन्याय झाला म्हणून हळहळतात.

नियम काय आहे ते पाहू. खाजगी शाळांना 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७' आणि त्याखालची १९८१ची नियमावली लागू आहे. (जिल्हा परिषद आणि शासकीय शाळांचे सेवानियम वेगळे आहेत. तिथले दाखले इथे देऊ नयेत.) नियम ३ नुसार माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक पदवीधर आणि बी.एड. किंवा समकक्ष अर्हतेचा हवा. पदवीनंतर त्याचा पूर्णवेळ अध्यापनाचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा आणि त्यातली किमान २ वर्षं बी.एड.नंतरची हवीत. ही झाली पात्रता. पात्र ठरलेल्यांपैकी जो ज्येष्ठतम आणि ज्याचं सेवापुस्तक समाधानकारक, त्याला पद द्यायचं.

भांडण होतं ते 'ज्येष्ठतम' ठरवताना. ज्येष्ठता कशी मोजायची हे नियमावलीच्या अनुसूची 'फ'मध्ये लिहिलेलं आहे आणि तिथे माध्यमिक शिक्षकांची प्रवर्गवार उतरंड आहे. वरच्या दोन प्रवर्गांत मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक यांसारखी पदं. त्याखाली 'क' प्रवर्गात प्रशिक्षित पदवीधर, म्हणजे मुख्यतः बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम. किंवा त्यावरची पदवी आणि सोबत बी.एड. असलेले. त्याखालच्या प्रवर्गांत कमी अर्हतेचे शिक्षक येतात. हे प्रवर्ग उतरत्या क्रमाने आहेत, असं अनुसूचीच्या टिपेतच नमूद आहे. म्हणजे आधी प्रवर्ग पाहायचा आणि एकाच प्रवर्गातल्या दोघांची तुलना करताना त्या प्रवर्गात कोण कधी आलं ते पाहायचं. हजेरीपटावर नाव कधी चढलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

उदाहरण घेऊ. समजा, एक सर १९९४ साली बारावी आणि डी.एड. या अर्हतेवर माध्यमिक शाळेत लागले. नोकरी सांभाळून त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून २००२ साली पदवी आणि २००४ साली बी.एड. मिळवलं. त्याच शाळेत १९९८ साली एक बाई बी.एस्सी., बी.एड. होऊन रुजू झाल्या. सरांची सेवा चार वर्षांनी जास्त आहे, तरी मुख्याध्यापकपदावर पहिला हक्क बाईंचा. बाई पहिल्या दिवसापासून 'क' प्रवर्गात आहेत आणि सर तिथे पोचले ते पुढची अर्हता मिळाल्यावर. १९९४ ते तिथे पोचेपर्यंतची वर्षं त्यांच्या पगाराला, निवृत्तिवेतनाला मोजली जातात. 'क' प्रवर्गातल्या ज्येष्ठतेला नाही.

यावर "हा तुमचा अर्थ झाला" असं उत्तर येतं, म्हणून सांगतो. विमान वामन आवळे विरुद्ध गंगाधर मखारिया चॅरिटेबल ट्रस्ट या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हाच मुद्दा निकालात काढला. नुसती सेवेची लांबी पुरत नाही, 'क' प्रवर्गातली अर्हता ज्या दिवशी मिळाली त्या दिवसापासून त्या प्रवर्गातली ज्येष्ठता, असं न्यायालयाने म्हटलं. हा निकाल येऊन दशक उलटलं तरी तोच युक्तिवाद नव्याने मांडला जातो, याचा मला खरोखर राग येतो. कारण वकिलाची फी देणारा शिक्षक असतो आणि दोन-चार वर्षं प्रभारीवर रेटणारी शाळा मुलांची असते.

डी.एड. करून लागलेल्या शिक्षकांचं दुखणं मात्र खोटं नाही. दिवसा तास घेऊन, सुट्ट्यांत संपर्कसत्रं करून पदवी मिळवलेल्या माणसाला दहा वर्षांची नोकरी मोजली जात नाही हे पटत नाही आणि ते समजण्यासारखं आहे. पण ती तक्रार शासनाने केलेल्या अनुसूचीविरुद्ध आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी काही हिरावून घेतलेलं नाही. अनुसूचीत बदल करण्याच्या मागण्या होतात, दुरुस्त्याही होतात. म्हणून यादी पाहताना त्या वेळी लागू असलेला मजकूरच हातात हवा, व्हॉट्सॲपवर आलेला जुना फोटो नव्हे.

या गोंधळाचं मूळ प्राथमिक शाळेत आहे. प्राथमिकसाठी त्याच अनुसूचीत वेगळा नियम आहे: विहित शैक्षणिक अर्हता मिळाल्यापासूनची सलग सेवा. तिथे ही प्रवर्गांची उतरंड नाही. त्यामुळे प्राथमिक शाळेत डी.एड. होऊन लागलेल्या शिक्षकाची सेवा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. एकाच संस्थेच्या प्राथमिक आणि माध्यमिक अशा दोन्ही शाळा असतात, एकाच आवारात भरतात, आणि एकीचा नियम दुसरीला सर्रास लावला जातो.

आता बाकीचे समज. "आमच्या शाळेत मीच सर्वांत जुना" याला अर्थ नाही. संस्थेच्या एकापेक्षा जास्त शाळा असतील, तर रात्रशाळा वगळून त्या सगळ्या शाळांतले शिक्षक विचारात घ्यायचे असतात. "एम.ए. आहे म्हणजे बी.ए.च्या वर" हेही नाही. १९८१च्या मूळ अनुसूचीत दोघे बी.एड.धारक एकाच 'क' प्रवर्गात आहेत. प्रभारी म्हणून तीन वर्षं काढली म्हणून पदावर हक्क तयार होत नाही. एकाच प्रवर्गात नेमणुकीची तारीख एकच असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ, चिठ्ठी टाकायची गरज नाही. "त्यांनी सोडचिठ्ठी लिहून दिलीय" असं सांगून ज्येष्ठाला डावलता येत नाही. हक्क सोडल्याचं निवेदन स्वेच्छेने, स्वहस्ताक्षरात आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या समोर लिहिलेलं असावं लागतं. संस्थेच्या कचेरीत सही करून घेतलेला टंकलिखित कागद पुरत नाही.

अल्पसंख्याक संस्थांबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. अधिनियमाच्या कलम ३(२) नुसार अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाच्या भरतीला हा कायदा लागू नाही, आणि आपला प्रमुख निवडण्याचा अल्पसंख्याक संस्थांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९८च्या एन. अम्माद आणि २००६च्या मलंकारा सिरियन कॅथलिक कॉलेज या निकालांत मान्य केला आहे. तिथे ज्येष्ठता बंधनकारक नाही. पण किमान अर्हता शासन ठरवू शकतं. वाटेल त्याला बसवण्याची ती मुभा नव्हे.

सर्वांत ताजा समज टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा. "आम्ही टीईटी यायच्या आधी लागलो, आम्हाला ती नाही" असं अजून ऐकू येतं. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या कार्यरत शिक्षकांबाबत स्पष्ट सांगितलं: निवृत्तीला ५ वर्षांहून अधिक काळ असेल तर दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. ५ वर्षांहून कमी असेल तर नोकरी चालू राहील, पण बढती हवी असेल तर टीईटी लागेलच. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी वेगळा ठेवला.

आणि "शिक्षणाधिकाऱ्यांनी मान्यता दिली, आता काही होणार नाही" हा निराश समज. ज्येष्ठतेचा आपसातला वाद नियम १२ प्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो हे खरं. पण बढतीत डावललं गेलं तर अधिनियमाच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, मान्यता मिळालेली असली तरी. मुदत आहे फक्त ३० दिवसांची. उशीर माफ होऊ शकतो, मात्र त्याला सबळ कारण दाखवावं लागतं.

त्याच नियम १२ नुसार संस्थेने ज्येष्ठतायादी करून शिक्षकांत फिरवायची असते, सह्या घ्यायच्या असतात आणि हरकती विचारात घ्यायच्या असतात. बहुतेक जण न वाचता सही करतात आणि जागा रिकामी झाली की यादी चुकीची असल्याचं सांगतात. वर्षानुवर्षं हरकत न घेतलेली यादी कोर्टात तुमच्याविरुद्धच पुरावा म्हणून उभी राहते. पद रिकामं व्हायची वाट पाहू नका. यंदाची यादी मागून घ्या, आपला प्रवर्ग आणि त्यात प्रवेशाची तारीख तपासा, चूक असेल तर लेखी हरकत द्या आणि त्याची पोच घ्या.