जबड्याचा जखडलेला सांधा व मापाचे कृत्रिम रोपण : ग्रामीण संदर्भात विवेचन

प्रस्तावना :
अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी व संगमनेर येथे दंत महाविद्यालये असल्याने जबड्याच्या विकारांचे निदान जिल्ह्यातच होऊ शकते. तरीही हनुवटीवर आपटलेल्या मुलाचे तोंड काही महिन्यांनी उघडेनासे झाले, की घरचे त्यास ‘दातखीळ’ समजतात. धनुर्वातातील दातखीळ ही स्नायूंची उबळ होय. येथे मात्र हाड हाडाला जुळलेले असते आणि ते औषधाने सुटत नाही.

सांधा जखडण्याची प्रक्रिया :
खालच्या जबड्याचे टोक कानापुढे कवटीच्या खोबणीत बसते. तोंड उघडताना ते प्रथम जागीच फिरते व नंतर पुढे सरकते. हनुवटीवरील मार थेट या टोकापर्यंत पोहोचतो. टोक मोडले, सांध्यात रक्त साचले, की लहान वयात त्या जागी हाड धरू लागते. फुटलेल्या कानाकडे दुर्लक्ष झाल्यास तेथील संसर्गही सांध्यात उतरू शकतो. प्रौढाचे तोंड साधारणतः 35 ते 50 मि.मी. उघडते, पूर्ण जखडलेल्या सांध्यात ते जवळजवळ उघडतच नाही. मूल पेजेवर राहते, दात किडतात, हनुवटी खुंटते आणि झोपेत श्वास अडतो. भूल देण्यासाठी श्वासनलिकेत नळी घालायची, तर तोंडाचा मार्गच बंद असतो.

बरगडी की धातू ? :
शस्त्रक्रियेत जुळलेले हाड काढून टाकतात. मोकळ्या जागी काय बसवावे, हा खरा प्रश्न आहे. बरगडीचा कूर्चेसह तुकडा मुलाबरोबर वाढतो. पण ही वाढ बेभरवशाची असते, कधी अतिरिक्त, तर कधी अपुरी. कृत्रिम सांधा वाढत नाही, म्हणून तो सामान्यतः वाढ पूर्ण झालेल्या अथवा पुनःपुन्हा जखडणाऱ्या रुग्णांसाठी राखून ठेवतात.

सी.टी. स्कॅनवरून रुग्णाच्या कवटीची त्रिमितीय प्रतिकृती तयार करून तिच्या मापाने हा सांधा घडवितात. खोबणीचा भाग टायटॅनियम व कठीण पॉलिएथिलीनचा, तर जबड्याचे टोक कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनमचे असते. या निवडीमागे कटू अनुभव आहे. 1980 च्या दशकात अमेरिकेत टेफ्लॉनयुक्त रोपणे बसविली गेली. त्यांच्या झिजेतील कणांमुळे अनेकांचे हाड पोखरले गेले. नितंबाच्या सांध्यात कसोटीस उतरलेल्या सामग्रीकडे वळल्यानंतर मापाच्या सांध्यास तेथे 1999 मध्ये मान्यता मिळाली. मात्र हा सांधा मुख्यतः फिरतो. नैसर्गिक सांध्यासारखा पुढे सरकत नाही.

पूर्वी हाड काढून, पुन्हा स्कॅन करून, दुसऱ्या शस्त्रक्रियेत सांधा बसवीत. आता हाड कोठे कापायचे हे संगणकावर आधीच ठरवून, तशाच मार्गदर्शक पट्ट्या बनवून हे काम एकाच वेळी करता येते. दूरच्या रुग्णाच्या दृष्टीने ही सोय धातूच्या प्रकाराइतकीच मोलाची आहे.

शस्त्रक्रियेनंतर :
बरगडी असो वा धातू, पहिल्या काही दिवसांपासून तोंड उघडण्याचा व्यायाम सुरू करावा लागतो आणि तो अनेक महिने चालतो. दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकेक करून वाढवीत जाणे हे वेदनादायक काम मूल आपणहून करीत नाही. जवळ मोठे माणूस लागते. व्यायाम सुटला, तर सांधा पुन्हा जखडण्याचा धोका असतो. पाथर्डी-शेवगाव भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. अशा घरातील मुलाच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना गाळप हंगामाचे वेळापत्रकही स्कॅनइतक्याच काळजीने पाहावे लागेल.