चाफ्याच्या विमानातून चंदननगरीला

लाओस या देशाला समुद्र नाही. चीन, म्यानमार, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या पाच शेजाऱ्यांच्या मध्ये तो सापडला आहे, आणि त्याचा उत्तरेकडचा भाग म्हणजे डोंगरामागे डोंगर. अशा देशात लहान विमान ही श्रीमंतांची चैन राहत नाही, आपल्याकडे एस. टी. जे काम करते, तेच तिथे त्याला करावे लागते. लुआंग प्राबांग या जुन्या राजनगरीहून व्हिएन्टिआन या राजधानीला मी गेलो, तो असल्याच एका हवाई एस. टी.तून.

वास्तविक डिसेंबर २०२१ पासून या दोन शहरांमध्ये रेल्वे धावते आहे. चीनच्या मदतीने बांधलेली ही गाडी बोगद्यांमागून बोगदे ओलांडीत दोन तासांच्या आत राजधानी गाठते आणि तिचे तिकीटही विमानाहून स्वस्त. पण बोगद्यातून देश दिसत नाही. शिवाय लाओसच्या माणसांनी आकाशाकडून जेवढे सोसले, तेवढे जगात फार थोड्यांनी सोसले असेल. ते आकाश एकदा पाहावे, असे मनात होते.

विमान लाओ एअरलाइन्सचे. १९७६ साली ‘लाओ एव्हिएशन’ म्हणून ही कंपनी जन्माला आली आणि २००३ साली तिने आताचे नाव घेतले. विमानाच्या निळ्या शेपटीवर पांढरे फूल रंगवलेले होते. जवळ जाऊन पाहतो तो आपला देवचाफा! लाओ भाषेत त्याला ‘दोक चंपा’ म्हणतात आणि ते त्यांचे राष्ट्रीय फूल आहे. आपल्या देवळांच्या आवारात ज्याचा सडा पडतो, ते फूल परक्या विमानतळावर भेटल्यावर निम्मे परकेपण तिथेच संपले.

हे ए. टी. आर. ७२ जातीचे विमान फ्रेंच आणि इटालियन भागीदारीतून निघालेले. त्याचे पहिले उड्डाण १९८८ चे. सत्तरच्या आसपास आसने आणि दोन बाजूंना दोन मोठे पंखे. यात चढायचे मागच्या दाराने, कारण पुढे वैमानिकांच्या पाठीशी सामानाची खोली असते. जेट विमान खूप उंच गेल्यावरच इंधनाच्या दृष्टीने परवडते. चाळीसेक मिनिटांच्या प्रवासात ते वर जाऊन स्थिरावते न स्थिरावते तोच उतरायची वेळ यायची. पंख्याचे विमान कमी उंचीवर थोडक्या इंधनात भागवते आणि आखूड धावपट्टीवरही उतरते. त्यातून याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचा मुलूख बिनअडथळा दिसतो.

रेशमी लुंगीसारखे ‘सिन’ नेसलेल्या हवाई सुंदरीने हात जोडून ‘सबाईदी’ म्हटले. प्रवाशांत भगव्या वस्त्रांतले दोन भिक्षू होते आणि चिकट भाताची वेताची करंडी मांडीवर घेतलेली एक आजीबाई होती. माझ्या शेजारी खिडकीशी एक वृद्ध शिक्षक बसले होते. पंखे घरघरू लागले तसा मी आसनाचा दांडा घट्ट धरला. खोटे कशाला सांगू? याच कंपनीचे याच जातीचे विमान १६ ऑक्टोबर २०१३ रोजी पाक्से येथे उतरताना खराब हवेत मेकाँग नदीत कोसळले आणि त्यातली सर्व ४९ माणसे दगावली, हे मला ठाऊक होते.

माझी अवस्था पाहून शिक्षक हसले. मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितले, की त्यांचे बालपण शियांगख्वांग प्रांतातले. विमानाचा आवाज आला की आई भावंडांना घेऊन गुहेत पळे. शेते कसायची ती रात्री, चांदण्यात. एवढे सांगून ते पुन्हा खाली पाहू लागले. तो प्रांत आमच्या मार्गाच्या पूर्वेला, डोंगरांआड होता.

१९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यासाठी विमानांच्या पाच लाख ऐंशी हजार फेऱ्या झाल्या. सरासरी काढली तर नऊ वर्षे, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना विमानभर बाँब! त्यांतले कोट्यवधी छोटे बाँब फुटलेच नाहीत. ते आजही नांगराच्या फाळाला लागतात, पोरांच्या हाती येतात. आणि त्याच काळात, त्याच आकाशातून, अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या डोंगरी लोकांसाठी तांदळाची पोतीही टाकली जात. तिथल्या काही मुलांना तांदूळ आभाळात पिकतो असे वाटे, असे सांगतात.

या आकाशाने आपलीही माणसे नेली आहेत. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर शांततेवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी आयोगाचे विमान व्हिएन्टिआनहून हनोईला निघाले आणि तेरा माणसांसह बेपत्ता झाले. त्यांत भारतीयही होते.

व्हांग व्हिएंगचे चुनखडीचे सुळके मागे पडले. १९७१ साली पुऱ्या झालेल्या नाम न्गुम धरणाचे पाणी चकाकून गेले, आणि मातकट मेकाँग दिसू लागली. पलीकडचा काठ थायलंडचा. वात्ताई विमानतळावर चाके टेकली तेव्हा आजीबाईंनी करंडीचे झाकण सारखे केले, भिक्षूंनी झोळ्या सावरल्या. टाळ्या नाहीत, सुटकेचे निश्वासही नाहीत. एस. टी. स्थानकात शिरल्यावर जे होते, तेच.

राजधानीचे लाओ नाव ‘वियांगचान’. त्याचा अर्थ चंदनाची नगरी असा सांगतात. तिच्या मध्यावर पातुसाई ही प्रचंड विजयकमान आहे. १९५७ साली तिचे काम निघाले आणि १९६८ पर्यंत चालले. गंमत अशी, की अमेरिकेने विमानतळाच्या धावपट्टीसाठी दिलेले सिमेंट या कमानीत खर्ची पडले, असे सांगतात. म्हणून तिला थट्टेने ‘उभी धावपट्टी’ म्हणतात. मी जिने चढून वर गेलो. शाळेतली पोरे कठड्याशी दाटी करून उभी होती. तेवढ्यात वात्ताईकडे उतरणारे एक लहान विमान डोक्यावरून गेले.

पोरांपैकी एकानेही मान वर केली नाही. मला वाटते, या देशाला शांतता मिळाली याचा एवढा भक्कम पुरावा कुठल्याच करारात सापडणार नाही.