भाषेची जागतिक परिषद आणि आपल्या घरातली बोली

भाषाशास्त्र म्हणजे व्याकरण घोकणं, असं बऱ्याच पालकांना वाटतं. म्हणून केप टाउनचं उदाहरण सांगते.

भाषाशास्त्रज्ञांची जागतिक परिषद साधारण दर पाच वर्षांनी भरते. पहिली 1928 साली नेदरलँड्समधल्या हेगला झाली. आफ्रिकेत यायला तिला नव्वद वर्षं लागली. जुलै 2018 मध्ये ती केप टाउनला भरली. यजमानांमध्ये पुढे होते केप टाउन विद्यापीठाचे प्राध्यापक राजेंद मेस्त्री. गिरमिटिया मजुरांनी तिकडे नेलेल्या भोजपुरीचे ते अभ्यासक.

यजमानपद म्हणजे नुसता हॉल, जेवण आणि व्हिसाची पत्रं नव्हे. खरं काम खूप आधी सुरू होतं. जगभरातून निबंधांचे सारांश मागवतात. तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नाव सहसा दाखवत नाहीत, आपल्या बोर्डाच्या पेपरसारखंच. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्यालाही संधी मिळते.

शहरही या परिषदेला शोभणारं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मदरशांत आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहीत. तिला तेव्हा 'स्वयंपाकघरातली भाषा' म्हणून हिणवायचे. आज त्याच जुन्या लिखाणावर संशोधन होतं. आपले कोकणी मुसलमानही तिथे कित्येक पिढ्या राहतात.

आपल्याकडे मूल अम्मीशी कोकणी किंवा दखनी बोलतं, शाळेत मराठी, मदरशात उर्दू. पाहुण्यांसमोर बोली तोंडात आली की आपणच डोळे वटारतो. अभ्यासकांना मात्र तीच हवी असते. मुलाला गोडी असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या एम.ए.ची चौकशी जरूर करा.