मासा आणि वाहते पाणी

हौशी मंडळी मला विचारतात, मत्स्यपेटीत पाणी खेळते ठेवावे का? मी त्यांना आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पाण्याकडे बोट दाखवतो. इथल्या माजी मालगुजारी तलावांतली मरळ संथ पाण्यातही निभावते. ती वर येऊन हवा घेते. रोहूचे तसे नाही. तळ्यात तो पोसतो, पण अंडी घालत नाही. त्यासाठी त्याला पावसाळी नदीचा प्रवाह लागतो. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, तेव्हा कुठे तळ्यांना हुकमी बीज मिळण्याची वाट खुली झाली.

पेटीतही हाच न्याय. ओढ्या-ओहोळांतल्या झेब्रा माशाला मध्यम प्रवाह द्यावा. पोहून त्याचे स्नायू भरतात, हलत्या पाण्यात प्राणवायूही मिसळतो. थायलंडच्या भातखाचरांतल्या फायटरला मात्र जोराचा प्रवाह दमवतो. विसाव्याला दगडाआडचा कोपरा दोघांनाही हवा.

आता नदीचे. वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झाले. प्राणहिता गोदावरीला मिळते, त्याखाली २०१९ मध्ये मेडिगड्डा बंधारा सुरू झाला. पेटीतला पंप आपण बटण दाबून चालू करतो. नदीच साचून राहिली, तर ढिवरांच्या जाळ्यात काय येणार, याचाही विचार व्हायला हवा.