तोंडातील रक्तवाहिन्यांच्या गाठी



चामखिळीला घोड्याचा केस बांधायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण ओठावर, जिभेवर किंवा हिरडीवर लाल-निळसर गाठ दिसली, तर मात्र ती आवळू नका, टोचू नका, डाग देऊ नका. ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. अशा गाठी दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांची जात निराळी आणि उपायही निराळा.

पहिली जात तान्ह्या मुलांची. ही जन्मतः बहुधा दिसत नाही. पहिल्या काही आठवड्यांत उगवते, चार-पाच महिने झपाट्याने वाढते आणि पुढे काही वर्षांत आपोआप ओसरते. पुष्कळदा नुसती देखरेख पुरते. मात्र दूध पिताना किंवा श्वास घेताना अडथळा येत असेल, किंवा ओठाला जखम पडली असेल, तर औषध द्यावे लागते. हृदयविकारावरील प्रोप्रानोलॉल या औषधाने ही गाठ आकसते, असे फ्रान्समधील बोर्डो येथील डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे. बाळ उपाशी राहिले तर त्याच्या रक्तातील साखर उतरू शकते.

दुसरी जात म्हणजे रक्तवाहिन्यांची घडणच जन्मतः चुकलेली. ती मुलाबरोबर वाढते, आपोआप जात नाही. शिरांची असेल तर गाठ निळसर, मऊ असते. दाबली की चेपते, मान खाली घातली की फुगते. तिच्यात इंजेक्शन देऊन शिरा बंद करतात. धमनीची असेल तर हाताला ऊन लागते, बोटाखाली ठोका जाणवतो. ही जबड्याच्या हाडात असली आणि कुणी सैल झालेला दात उपटला, तर रक्तस्राव जिवावर बेततो. तिथे बारीक नळीने आधी रक्ताचा पुरवठा तोडतात आणि मग शस्त्रक्रिया करतात.

तिसरी हिरडीवरची लालभडक गाठ. ती गरोदरपणातही होते, आणि जरा धक्का लागला की रक्त येते. हा कर्करोग नव्हे. बाळंतपणानंतर ती पुष्कळदा लहान होते. दात मात्र स्वच्छ ठेवावेत.

चौथी जात अँजिओसार्कोमा. ही फार दुर्मिळ, पण खरा कर्करोग. गाठ भराभर वाढते, चिघळते, रक्त येते. तुकडा काढून तपासल्यावाचून निदान होत नाही. शक्य असेल तर शस्त्रक्रियेने ती पूर्ण काढतात आणि गरजेप्रमाणे किरणोपचार देतात.

डॉक्टर हे ओळखतात कसे? गाठीवर काचेची पट्टी दाबतात. लाली फिकी पडली, तर रक्त वाहिन्यांतच खेळते आहे असे समजते. मग डॉप्लर सोनोग्राफी, जरूर तर एम.आर.आय. ठोका लागणाऱ्या गाठीचा तुकडा घाईने काढणे धोक्याचे; म्हणून आधी चित्र, मग सुरी.

गुरुजींनो, वर्गातल्या मुलाच्या तोंडात अशी गाठ दिसली तर पालकांना सांगा. दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना ती दाखवायलाच हवी. रक्त येऊ लागले तर मुलाला बसवा, स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, रक्त गिळू देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. आणि दोन-तीन आठवड्यांत न जाणारी तोंडातली कोणतीही गाठ, दुखत नसली तरी, डॉक्टरांना दाखवा.