कोपऱ्यापर्यंत आलेले फायबर

वेल्समधील अबरहोसन या छोट्या खेड्यात रोज सकाळी सात वाजले की इंटरनेट ढेपाळत असे. तब्बल दीड वर्ष हा प्रकार चालू होता. केबल बदलून झाली, तरी फरक पडेना. शेवटी तंत्रज्ञ विद्युत गोंगाट टिपणारे उपकरण घेऊन पहाटे भर पावसात गावात फिरले. सातच्या ठोक्याला उपकरणाने एका घराकडे बोट दाखवले. त्या घरातला जुना, सेकंडहँड टीव्ही रोज त्याच वेळी लावला जाई आणि त्यातून निघणाऱ्या विद्युत लहरी गावाच्या ब्रॉडबँडमध्ये मिसळत. २०२० साली ही बातमी जगभर गाजली. मालक बिचारे ओशाळले आणि टीव्ही कायमचा बंद झाला.

दोष मात्र एकट्या टीव्हीचा नव्हता. तांब्याची लांब तार अँटेनासारखी वागते. टेलिफोनसाठी टाकलेल्या त्या तारेतून उच्च वारंवारतेचे इंटरनेट संदेश जातात, तेव्हा आसपासचा गोंगाटही ती गोळा करते. पावसाळ्यात जुन्या लँडलाइनवर होणारी खरखर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. काचेच्या तंतूतून मात्र वीज जात नाही, प्रकाश जातो. त्याला टीव्हीचा उपद्रव होत नाही. म्हणूनच ब्रिटनमधल्या लाखो घरांनी गेली काही वर्षे ‘फुल फायबर’ची वाट पाहिली.

यातला ‘फुल’ हा शब्द महत्त्वाचा. तिथे बराच काळ ‘फायबर’ म्हणून विकली गेलेली जोडणी प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेच्या हिरव्या पेटीपर्यंतच फायबरची होती. पेटीपासून घरापर्यंत जुनीच तांब्याची तार. म्हणजे गावाच्या फाट्यापर्यंत द्रुतगती मार्ग आणि तिथून पुढे बैलगाडीची वाट. पेटीच्या जवळच्या घराला सेकंदाला ८० मेगाबिटपर्यंत वेग मिळे, पण अंतर वाढेल तसा तो झपाट्याने घसरे. कारण वारंवारता जितकी जास्त, तितका संदेश तांब्यात लवकर क्षीण होतो. त्यातच तांबे महागले होते त्या काळात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या तारा टाकल्या गेल्या. तिथे अवस्था आणखी बिकट.

गंमत अशी, की काचेतून संदेश पाठवण्याची कल्पना याच देशात आकाराला आली. पंजाबातील मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवता येते हे दाखवले. त्याचा पहिला मोठा उपयोग झाला वैद्यकात. जठरात डोकावणारी लवचीक दुर्बीण त्यातून आली. पण लांबच्या संदेशवहनासाठी त्या वेळची काच कुचकामी होती, कारण काही मीटरमध्येच प्रकाश विरून जाई. १९६६ मध्ये हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडले, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धींचा आहे. एक किलोमीटरनंतर एक टक्का प्रकाश शिल्लक राहिला तरी संदेशवहन शक्य आहे, असा त्यांचा हिशेब होता. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ते साध्य केले. आजच्या तंतूत किलोमीटरनंतर सुमारे ९५ टक्के प्रकाश उरतो. काओ यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग शेवटच्या गल्लीपर्यंत पोहोचायला एवढा उशीर का? अडचण काचेची नाही, मातीची आणि परवानगीची आहे. जिथे टेलिफोनची तार जमिनीखालच्या नळीतून गेली आहे किंवा खांबांवरून ओढली आहे, तिथे फायबर त्याच वाटेने नेता येते. पण काही वसाहतींत तार नळीविना थेट मातीत पुरलेली आहे. तिथे नव्याने चर खणावा लागतो. कुठे नळी चिखलाने तुंबलेली, कुठे रस्ता खासगी मालकीचा, कुठे इमारतीचा मालक पत्रांना उत्तरच देत नाही. त्यामुळे एका गल्लीत गिगाबिटचा वेग आणि वळणापलीकडच्या गल्लीत व्हिडिओ कॉल अडखळतोय, असे चित्र दिसते. एका मुख्य तंतूतला प्रकाश विजेशिवाय चालणाऱ्या विभाजकातून साधारण ३२ घरांना वाटला जातो. सोपी घरे आधी जोडली जातात, अवघड घरे मागे राहतात.

नियामक संस्था ‘ऑफकॉम’च्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या जेमतेम १० टक्के घरांना फुल फायबर उपलब्ध होते, २०२४ मध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. काहींनी वाट पाहणेच सोडले. लँकेशरच्या ग्रामीण भागात २०११ मध्ये लोकांनी स्वतःची संस्था काढली, शेतकऱ्यांनी जमिनीतून वाट दिली, गावकऱ्यांनी फावडी घेऊन चर खणले आणि गिगाबिट वेग घरी आणला.

हा प्रश्न केवळ सिनेमा लवकर उतरवून घेण्याचा नाही. ब्रिटनमध्ये सुमारे १८ लाख लोक, बहुतेक वृद्ध आणि आजारी, मदतीची हाक देणारे उपकरण वापरतात. घरात पडल्यावर गळ्यातले बटण दाबायचे, की लँडलाइनवरून मदतकेंद्राला फोन लागतो. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर टेलिफोन केंद्रातली वीजही येते, म्हणून घरातली वीज गेली तरी साधा फोन चालू राहतो. फायबर वीज वाहून नेत नाही. घरातला राउटर बंद पडला, की फोनही मुका. फायबर न पोहोचलेल्या गल्लीतही फोन इंटरनेटवर नेला, तर हीच गत होते.

नोव्हेंबर २०२१ मधल्या ‘आर्वेन’ वादळाने याची जाणीव करून दिली. दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली आणि काही हजार घरे आठवड्याहून अधिक काळ अंधारात होती. पुढे फोन बदलताना काहींची मदत-बटणे निकामी झाल्याच्या गंभीर घटना समोर आल्या. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कंपन्यांकडून हमी घेतली, की बटण नव्या जोडणीवर चालते याची खात्री झाल्याशिवाय अशा ग्राहकाला सक्तीने हलवायचे नाही. जुने टेलिफोन जाळे बंद करण्याची २०२५ अखेरची मुदतही ३१ जानेवारी २०२७ पर्यंत वाढली. लँडलाइनशिवाय दुसरा मार्ग नसलेल्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन फोन करता यावा, असे ऑफकॉमचे मार्गदर्शन आहे.

पुण्या-मुंबईतल्या अनेक सदनिकांत फायबर केव्हाच आले आहे. मुले परदेशात आणि आई-वडील इथे, अशा घरांत रोजची ख्यालीखुशाली याच तंतूतून कळते. वीज गेली की वायफाय जाते, हा अनुभवही सर्वांचाच. राउटर आणि फायबरची पेटी या दोन्हींना पुरेल असा छोटा यूपीएस, रात्री चार्ज करून उशाशी ठेवलेला मोबाइल आणि भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले शेजाऱ्यांचे व डॉक्टरांचे नंबर, एवढी तयारी प्रत्येक ज्येष्ठाच्या घरी असावी. यूपीएस आणल्यावर मुख्य बटण बंद करून इंटरनेट खरेच चालू राहते का, हे एकदा पाहून घ्यावे. ती खात्री अंधारात, एकटे असताना करून घेण्याची वेळ येऊ नये.