तान्ह्या मुलाशीं खेळ

बारशाला काय न्यावें, असा प्रश्न मला वर्षांतून दहाबारा वेळां तरी विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनांत बहुधा एखादें महागडें, दिवे लागणारें आणि कळ दाबतांच चार चाली वाजविणारें खेळणें असतें. त्यानें बाळाची बुद्धि वाढते, असें त्याच्या खोक्यावर छापलेलेंहि असतें. मी त्यांना सांगतें, कीं पहिले सहा महिने त्या बाळाला दुकानांतल्या एकाहि खेळण्याची गरज नाहीं. न्यावयाचेंच असेल तर त्याच्या आईसाठीं घरचा गरम डबा न्या. हें उत्तर कोणाला फारसें आवडत नाहीं. म्हणून आज नभोवाणीवरून मिळालेल्या या थोड्या मिनिटांत त्याचें समर्थन करावयाचें मीं योजिलें आहे.

डोळ्यांना रंग, कानांना नाद, हातांना स्पर्श हें जितकें अधिक पुरवावें तितकें मूल हुशार होतें, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि हल्लीं दृढ झालेली दिसते. मला वाटतें, या खेळांचा उपयोग निराळाच आहे. बाळ आपल्या इंद्रियांनीं जगाची ओळख करून घेत असतें हें खरें; पण त्याच वेळीं घरालाहि बाळाची ओळख होत असते. त्याला काय दिसतें, काय ऐकूं येतें, कशानें तें दचकतें, कशानें शांत होतें, हें त्याच्याशीं खेळल्यावांचून कळावयाचें नाहीं. याकरितां माझा आग्रह एवढाच, कीं एका वेळीं एकच इंद्रिय घ्यावें, आणि मग हात आवरून बाळ काय उत्तर देतें तें पाहावें.

आरंभ डोळ्यांपासून करूं. नुकत्याच जन्मलेल्या मुलाला दूरचें स्पष्ट दिसत नाहीं. आठ ते बारा इंचांवरचें, म्हणजे वीतभर किंवा त्याहून थोड्या अधिक अंतरावरचें, त्याला त्यांतल्या त्यांत बरें दिसतें. आणि मांडीवर घेऊन पाजणाऱ्या आईचें तोंड बाळाच्या डोळ्यांपासून जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असतें. रॉबर्ट फँट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६३ सालीं दाखवून दिलें, कीं अवघ्या कांहीं दिवसांचें मूलहि कोऱ्या रंगीत तबकडीपेक्षां चेहऱ्याच्या आकृतीकडे किंवा ठळक नक्षीकडे अधिक वेळ पाहातें. फिके रंग त्याला या वयांत नीट निराळे कळत नाहींत. तेव्हां गुलाबी आणि आकाशी बाहुल्यांपेक्षां घरांतली काळी पाटी बरी. तिच्यावर पांढऱ्या खडूनें जाड पट्टे ओढावे किंवा रांगोळीचे काढतों तसे चार मोठे ठिपके काढावे, ती वीतभर अंतरावर धरावी आणि अगदीं सावकाश एका बाजूस न्यावी. पहिल्या दिवसांत बाळाची नजर अर्ध्या वाटेवरच सुटते. दोनतीन महिन्यांचें होईतों ती पाटीबरोबर चांगली फिरूं लागते. जुन्या पाळण्यावरचें चिमणाळें हेंच काम करीत असे. मात्र बाळाचे हात पोंचूं लागले, कीं तें काढून ठेवावें. दोरी गळ्याभोंवतीं यावयास वेळ लागत नाहीं.

स्पर्शाचा खेळ तर आपल्या घरीं रोजच चालतो. आपण त्याला खेळ म्हणत नाहीं इतकेंच. तेल लावून न्हाऊं घालतांना बाळाचें सर्व अंग हाताखालून जातें. पण तें काम इतक्या घाईनें आणि इतक्या जोरानें उरकलें जातें, कीं बाळ रडून रडून थकतें, आणि मग तें झोपलें म्हणजे आपण म्हणतों, पाहा, न्हाण्यानें कशी छान झोप लागली! त्याऐवजीं हात हलका ठेवावा, एकेका अवयवाचें नांव घेत पुढें जावें, आणि अंग पुसून झाल्यावर तीन निरनिराळीं वस्त्रें त्याच्या तळव्यांवरून फिरवावीं: जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, खादीचा पंचा आणि जाड टॉवेल. कोणत्या वस्त्राला तें बोटें मिटतें आणि कोणत्याला पाय ओढून घेतें, तें चार दिवसांत ध्यानांत येतें. वासासाठीं मात्र निराळा उद्योग नको. एडन मॅकफर्लेन यांनीं १९७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका आठवड्याच्या आंतलीं मुलें आपल्या आईच्या दुधाचा वास लागलेल्या कापडाकडे तोंड वळवीत असल्याचें आढळलें. अत्तर आणि उदबत्ती यांनीं तो वास झांकून जातो, आणि धुरीचा धूर तर त्या कोंवळ्या फुप्फुसांना अपायकारकच आहे.

आतां कानांविषयीं बोलतें, आणि येथें मला थोडें थांबावयाचें आहे. माझ्या नात्यांतल्या एका मुलाला बारशांत चांदीचा खुळखुळा मिळाला होता. जो तो येऊन तो त्याच्यासमोर वाजवी, आणि मूल खदखदून हंसे, हात पुढें करी. दार आदळलें तरी तें मान वळवी. त्याला ऐकूं येत नसेल, ही शंका कोणाच्या स्वप्नींहि आली नाहीं. सव्वा वर्षाचें होऊनहि तें एक शब्द बोलेना, तेव्हां आजीबाई म्हणाल्या, "त्याचा बापहि उशिरांच बोलला." अखेर तपासणी झाली, तेव्हां दोन्ही कान जवळजवळ बंद असल्याचें कळलें. मुलाला खुळखुळ्याची चमक दिसत होती, आवाज नव्हे. दाराचा हादरा त्याच्या अंगाला जाणवत होता. आम्ही सर्व शिकलेलीं माणसें. पण वर्षभर त्याच्या डोळ्यांशींच खेळत होतों आणि समजत होतों कीं कानांशीं खेळतों आहों. तें मूल आज श्रवणयंत्र लावून बोलतें, शाळेंतहि जातें. परंतु भाषेचा पाया ज्या महिन्यांत पडतो, ते महिने त्याच्या हातून गेले ते गेलेच.

म्हणून कानांचा खेळ नेहमीं पाठीमागून खेळावा. एकानें बाळाला मांडीवर बसवावें, दुसऱ्यानें त्याच्या मागें, नजरेआड, हातभर अंतरावर राहून वाटीवर चमचा हलकेंच वाजवावा. मग कागद चुरगळावा, मग नुसतें कुजबुजावें. एकदां उजवीकडून, एकदां डावीकडून. सावली किंवा वारा बाळाला लागूं देऊं नये. पहिल्या महिन्यांत तें दूध ओढतां ओढतां थबकेल किंवा डोळे विस्फारील. चारपांच महिन्यांचें झालें म्हणजे आवाजाच्या दिशेला मान वळवूं लागेल. मात्र या खेळांत उत्तीर्ण झालेल्या मुलाचे कान निर्दोषच आहेत, असें धरून चालूं नये. नवजात मुलाच्या कानांची यंत्रानें होणारी तपासणी तें झोपेंत असतांना कांहीं मिनिटांत होते. ती पहिल्या महिन्यांत व्हावी, दोष दिसल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असें तज्ज्ञ सांगतात. प्रसूतिगृहांतून घरीं येण्यापूर्वींच ही तपासणी झाली कीं नाहीं तें विचारावें. पुष्कळ ठिकाणीं विचारल्यावांचून ती होत नाहीं.

बाळ जागें असतांना त्याला दिवसांतून थोडा थोडा वेळ पालथें घालावें आणि आपण समोर जमिनीवर आडवें पडून त्याच्याशीं बोलावें. रांगूं न लागलेल्या मुलाला असा सगळा मिळून निदान अर्धा तास मिळावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे. झोपवितांना मात्र उताणेंच झोपवावें.

मूल बसूं लागलें, कीं खरी मौज सुरू होते, कारण आतां हात आणि तोंड हीं त्याचीं मुख्य इंद्रियें बनतात. ताराबाई मोडक यांनीं मराठी मुलुखांत बालशिक्षणाचें जें कार्य उभारलें, तें मुख्यतः अडीच वर्षांपुढच्या मुलांचें होतें. त्याहून धाकट्यांची शाळा स्वयंपाकघरांतच भरते. इंग्लंडमधील एलिनॉर गोल्डश्मीड या बाईंनीं अशा बसत्या मुलांसाठीं एक साधी युक्ति प्रचारांत आणली. एका बुटक्या टोपलींत घरांतल्या निरनिराळ्या वस्तु घालावयाच्या, प्लॅस्टिकची एकहि नाहीं, आणि टोपली मुलापुढें ठेवून आपण शेजारीं मुकाट्यानें बसावयाचें. आपल्या घरीं ही टोपली भरावयास पांच मिनिटेंहि लागत नाहींत. स्टीलची वाटी, फुलपात्र, लाकडी चमचा, घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी, जाड कापडाची घडी, धुतलेलें अखंड लिंबू. वाटी गार लागते, लाकूड लागत नाहीं. करवंटी जमिनीवर डोलते. लिंबाला वास येतो. हें सर्व बाळ तोंडांत घालून पाहाणार, आणि तें तसें पाहूं द्यावें. आपण मध्येंच "अस्सं नाहीं, अस्सं वाजव" म्हणून हात धरला, कीं खेळ आपला होतो, त्याचा राहात नाहीं.

धोक्यांविषयीं मात्र भीड बाळगूं नये. सव्वा इंच व्यासाच्या नळींतून जी वस्तु पार होईल, ती बाळाजवळ नको. शेंगदाणा, हरभरा, नाणें, बटण, आणि सर्वांत वाईट म्हणजे घड्याळांतली चपटी बॅटरी. पसरट ताटांत तांदूळ ओतून त्यांत मुलाला खेळविण्याची एक टूम निघाली आहे, ती मला पसंत नाहीं; तेच तांदूळ झांकण पक्कें चिकटविलेल्या बाटलींत भरले, तर खुळखुळाहि होतो आणि घशाचीहि भीति नाहीं. रंग उडालेलीं जुनीं लाकडी खेळणीं आठवण म्हणून कपाटांत ठेवावीं. पूर्वींच्या रंगांत शिसें असे. विकत घ्यावयाचेंच झालें, तर मानक चिन्ह पाहून घ्यावें. तें १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचें आहे. परातींत दोन बोटें कोमट पाणी घालून त्यांत थापट्या मारूं देण्यासारखें सुख नाहीं. पण दाराची घंटा वाजली तर बाळाला उचलून बरोबर न्यावें, परातीपाशीं एक क्षणहि सोडूं नये. आणि चवीचा खेळ सहा महिन्यांच्या आंत मुळींच नको. मध तर वर्षभर बोटावरहि नको, कारण त्यांतल्या जंतूंमुळें तान्ह्या मुलाला लुळेपणा आणणारा रोग होऊं शकतो.

आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास वाटी पंच्याखालीं लपवावी. त्यापूर्वीं पंचा पडला कीं बाळाच्या लेखीं वाटी जगांतूनच गेली. आतां तें पंचा ओढतें. झां पियाजे यांनीं स्वतःच्या तीन मुलांना असेंच खेळवून हा पालट टिपून ठेविला. आपल्या आज्या पदराआड तोंड लपवून "कुऽऽक्" करीत आल्या, तोहि हाच अभ्यास होय.

मोबाइलवरचीं गाणीं कां नकोत, असें कोणी विचारील. पॅट्रिशिया कूल यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना चिनी भाषा ऐकविली. समोर बसून बोलणाऱ्या माणसांकडून मुलांनीं त्या भाषेचे उच्चार टिपले. तेंच पडद्यावरून दाखविलें, तर कांहींच टिपलें नाहीं. पडदा बोलतो, पण बाळानें हुंकार दिला तर थांबत नाहीं. आणि हें केवळ बाळाच्या हातांतल्या मोबाइलपुरतें नाहीं. एडवर्ड ट्रॉनिक यांनीं १९७८ सालीं वर्णिलेल्या प्रयोगांत आईनें अवघीं दोनतीन मिनिटें चेहरा निर्विकार ठेविला. बाळानें प्रथम हंसून, हात हालवून तिला बोलावून पाहिलें, आणि मग तोंड फिरविलें. मोबाइलकडे पाहात बाळाला पाजणाऱ्या आईचा, किंवा कचेरींतून येऊन बाळ मांडीवर घेऊन तेंच करणाऱ्या बापाचा, चेहरा त्या वेळीं कसा दिसतो, तें आरशांत पाहावें.

शेवटीं, खेळ केव्हां संपवावा? तें बाळच सांगतें. तें नजर चुकवितें, जांभई देतें, बोटें फांकवितें, पाठीची कमान करतें. पुष्कळदां हें पांच मिनिटांतच होतें, आणि पाहुणे आले असले म्हणजे आपण त्याला आणखी एकदां हंसवूं पाहातों. तसें न करतां पाटी पालथी ठेवावी, दिवा मंद करावा, आणि कांहीं न बोलतां त्याला खांद्यावर घेऊन बसावें.